माझ्या हातून जास्त शिजलेली हळद

गेल्या फाल्गुनात माझ्या हातून दोन ड्रम हळद जास्त शिजली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला असं वाटायला नको, की शेवटी माझंच खरं निघालं आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. तसं काही झालं नाही. मी चुकले, चांगली ठसठशीत चुकले. पण त्या चुकीवरून आमच्या घरात जे रामायण झालं ते मला लिहून ठेवायचं आहे. पासष्ट वर्षांत मी भांडले पुष्कळ, पण शहाणं माणूस म्हणून भांडले ती तेव्हाच.

माझं सासर शिरड शहापूरच्या पलीकडं, मोठा रस्ता सोडून थोडं आत. मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा मला आवाज ऐकू यायला लागला. पुरुषाचा आवाज, ओळखीचा नाही. मी जे करीन ते तो बोलून दाखवी. आता ही चूल पेटवती. आता ही पाण्याला निघाली. आता हिला वाटून राहिलं की कुणी बघत न्हाई. रेडिओवर क्रिकेटच्या मॅचचं सांगायचे ना, तसं सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मग मला पिठात कुणी काही कालवलंय असं वाटू लागलं आणि मी घरातलं सगळं पीठ उकिरड्यावर नेऊन टाकलं. एकदा अनवाणी औंढ्यापर्यंत चालत गेले. का गेले ते मला आजही सांगता येणार नाही.

घरच्यांनी गंडे बांधले, दोरे बांधले, अंगारा लावला, लिंबं उतरवली. ज्यानं जे सांगितलं ते केलं. त्यांना मी दोष देत नाही. नाही, खोटं कशाला बोलू, थोडा देते. पुढे गोळ्याही आल्या, पण जरा बरं वाटलं की घरचे गोळ्या थांबवायचे, आणि गोळ्या थांबल्या की दोन महिन्यांत माझ्या खोलीला बाहेरून कडी लागायची. अशी जवळजवळ तीस वर्षं गेली. लेकाची शाळा मला आठवत नाही. त्याच्या लग्नात मी होते म्हणतात.

छप्पनाव्या वर्षी हिंगोलीला एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मला समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं. स्किझोफ्रेनिया. कागदावर मराठीत लिहून दिलं. तोवर माझ्या आजाराबद्दल गावात सगळ्यांशी बोलणं झालं होतं, एक मी सोडून. त्या म्हणाल्या, गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. मी त्यांना म्हटलं, मी दहावी पास आहे, एवढं मला कळतं. तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर गोळी चुकलेली नाही. हळूहळू एकेक गोष्ट परत आली. सुईत दोरा ओवता येऊ लागला. पेपर वाचला की ओळ डोक्यात राहू लागली. आज वार कोणता हे कुणाला विचारावं लागेना. गावातला एक म्हातारा म्हणाला, "आता बरी व्हऊन काय करती, गोवऱ्या मसणात गेल्या." मी म्हटलं, "तुमच्या आधी जात न्हाईत, काळजी करू नका."

पण बरं होणं सोपं, बरी आहे हे घरात पटवणं अवघड. मी वरणाला मीठ कमी आहे म्हटलं की कुणीतरी आधी चमच्यानं चाखून बघायचं. मी फोन वाजला म्हटलं की सून जाऊन बघायची, खरंच वाजला का. मी आभाळ भरून आलंय म्हटलं तर आमचे मालक आभाळाकडं न बघता माझ्या डोळ्यांकडं बघायचे. अस्सा राग यायचा. तो राग दाखवायचीही सोय नव्हती, कारण मी चिडले की त्याचंही लक्षण व्हायचं.

आणि लक्षण म्हणजे काय, ते मी एकदा भोगलं होतं. हळदीच्या दोन वर्षं आधी माझा भाऊ गेला. पाठचा भाऊ, माहेरी तोच एक उरलेला. मी तीन दिवस रडले, जेवले नाही, त्याचं नाव घेऊन बोलत राहिले. कुठलीही बहीण हेच करते. घरच्यांनी मला दवाखान्यात नेलं आणि सांगितलं की दिवसभर रडते, जेवत नाही, एकटीच बडबडते. भाऊ गेलाय हे सांगायचं राहूनच गेलं. माझी तर तोंड उघडायची अवस्था नव्हती. गोळी वाढली. पुढचे आठ महिने मी झोपून काढले. उशी लाळेनं भिजायची, हात थरथरायचे, घोटभर चहा अंगावर सांडायचा. भावाचा चेहरा आठवायला जायची आणि मध्येच झोप लागायची. त्याचं दुःख करायचंही माझं राहून गेलं. मग बाईंना खरा प्रकार कळल्यावर त्यांनी गोळी कमी केली. गोळ्यांशी माझं भांडण नाही, त्यांच्यामुळंच मी आज लिहिते आहे. पण ते आठ महिने परत नकोत. जीव गेला तरी नकोत.

आता हळद. माझं माहेर आखाडा बाळापूरजवळ. वडील काहिलीत हळद शिजवायचे. भली मोठी लोखंडी काहील, वर हळदीचाच पाला झाकलेला, खाली जाळ. हळद शिजली की नाही हे ते वासावरून सांगायचे. आधी हिरवट, मातीचा वास येतो. मग उग्र होतो, डोळ्यांना लागतो. आणि मग एकाएकी तो उग्रपणा बसतो आणि गोडसर वास सुटतो. तो आला की जाळ ओढायचा. वडील म्हणायचे, हळद डोळ्यानं न्हाई, नाकानं बघायची. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याशेजारी बसून नाकानं बघायला शिकले. आजारात पुष्कळ गेलं, पण ते नाक गेलं नव्हतं.

आता काहिली राहिल्या नाहीत. ट्रॅक्टरमागं बॉयलर येतो, त्याला चार ड्रम, बॉयलरमधली वाफ नळीनं ड्रममध्ये जाते. सगळे त्याला कुकरच म्हणतात. गेल्या वर्षी आमचा नेहमीचा कुकरवाला मिळाला नाही, म्हणून बाळापूरकडचे एक मुसलमान गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, अंगात निळा सदरा, बोलणं मऊ. ते मला अम्मा म्हणायचे. त्यांना आमच्या घरची काही माहिती नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण सगळं त्यावरच घडलं.

मुलगा शिरडला पोती आणायला गेला होता. मालक रानात काढणीच्या बायांजवळ होते. खळ्यावर मी आणि कुकरवाले. दोन ड्रम भरून वाफ सोडून बराच वेळ झाला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "अम्मा, काढू का?"

मी इकडंतिकडं बघितलं, कुणाला विचारतायत म्हणून. मागं कुणी नव्हतं. मलाच विचारत होते. पस्तीस वर्षांत मला कुणी एवढं सरळ विचारलं नव्हतं, आणि विचारून माझ्या उत्तराची वाट बघत उभं राहिलं नव्हतं. मी नाक वर करून वास घेतला. उग्र होता, बसला नव्हता.

"थांबा," मी म्हटलं, "वास आला न्हाई अजून."

"बराबर," ते म्हणाले आणि वाफ चालू ठेवली.

थोड्या वेळानं परत विचारलं. मी परत थांबा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "अम्मा, माझ्या अंदाजानं तर झाली. पण माल तुमचा, तुमी म्हणाल तसं." मी तिसऱ्यांदा थांबवलं. इतकं सुख वाटत होतं मला त्या खळ्यावर उभं राहायला, की काय सांगू. मी बोलत होते आणि एक माणूस त्याप्रमाणं करत होता.

शेवटी त्यांनी न विचारताच झाकण काढलं. वाफेबरोबर तो गोडसर वास भसकन बाहेर आला, एकदम सगळा. तो कधीचा आत तयार होता. काहिलीवर नुसता पाला असतो, वास येतो. ड्रमला लोखंडी झाकण, वरून पट्ट्या आवळलेल्या. वास बाहेर येणार कुठून? मी एक कंद उचलला तर बोटांत चिखल झाला. सालं फाटून गेली होती. दुसऱ्या ड्रमचीही तीच गत.

"अम्मा, जास्ती झाली," ते म्हणाले.

"झाली खरी," मी म्हटलं. मी घाबरले. हळदीसाठी नाही. आता घरात काय होणार, ते मला दिसत होतं.

झालंही तसंच. मालक आले, मुलगा आला, शेजारच्या घरातून जाऊबाई आल्या. मी झाकणाचं सांगायला लागले, पण ऐकतंय कोण. जाऊबाई माझ्याहून मोठ्या, जिभेला हाड नाही. त्या म्हणाल्या, "तवा कुणाला न येणारं हिला ऐकू येई, आता सगळ्यांना येणारा वास हिला येईना. सुरू झालं पुन्हा." मालक बाजेवर बसून राहिले, काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला जाऊबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं. मुलगा घरात गेला आणि माझी दवाखान्याची फाईल घेऊन बाहेर आला.

"माय, उद्या हिंगोलीला जाऊन येऊ. गोळी वाढवून आणू."

"काहून?"

"काहून म्हंजे? हे बघून राहिली ना तू?"

मग मात्र माझा तोल सुटला. नाही, तोल सुटला नाही, तोल ठेवूनच मी बोलले, आणि सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं बोलले.

"औंदा तुझ्या बापानं सोयाबीनवर भलतंच तणनाशक मारलं. अर्धा एकर जळून गेलं. त्याला कोणत्या दवाखान्यात नेलतं? तू ट्रॅक्टरमधी डिझेलच्या जागी काय वतलं, आठवतं का? आन् जाऊबाई, सत्यनारायणाच्या शिऱ्यात तुमी साखर म्हून मीठ घातलं. साऱ्या गावानं प्रसाद म्हून डोळे झाकून गिळला. तुमच्या कोण्या गोळ्या वाढवल्या?"

सून पदर तोंडाला लावून आत पळाली.

"ते येगळं, माय," मुलगा म्हणाला.

"काय येगळं, सांग."

जाऊबाई तेवढ्यात कुकरवाल्यांच्या कानाशी लागल्या होत्या, हिच्या डोक्यावर परिणाम हाय, लई वर्षांचा, तुमाला म्हाईत नसंल. ते बिचारे ड्रम धुवत होते. हात न थांबवता म्हणाले, "असंल. पन मी बी तिथंच उभा व्हतो ना. माझं डोकं तर बराबर हाय, तरी झाली जास्ती."

त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

मी मुलाला म्हटलं, "येते मी हिंगोलीला. दवाखान्याला मी न्हाई म्हणत न्हाई. पण तिथं आधी मी बोलणार. मी बोलून व्हईस्तोवर तू तोंड उघडायचं न्हाई." त्यानं मान हलवली. त्याला वाटलं, आई गाडीवर बसतेय ना, मग म्हणू दे काय म्हणायचं ते.

दवाखान्यात त्याच बाई होत्या. मी खुर्चीवर बसले, मुलगा मागं उभा राहिला. मी काहिलीपासून झाकणापर्यंत सगळं सांगितलं. बाईंना हळदीतलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग नेहमीचे प्रश्न आले. झोप लागते का, जेवण जातं का, कुणाचा संशय येतो का. आणि मग म्हणाल्या, "आवाज?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर विषय मिटला असता. हो म्हटलं असतं तर कदाचित ते आठ महिने परत. पण मनात आलं, माझ्या शब्दाला किंमत द्या म्हणून मी काल गाव गोळा केला, आणि आज इथं खोटं बोलले तर भांडले कशासाठी?

"येतो," मी म्हटलं.

मागं मुलगा हलला. माझ्या पाठीला कळलं.

"कधी येतो?"

"एखाद्या दुपारी. भांडी घासताना. म्हणतो, आता ही ताट घासती. मी म्हणते, घासती, मग? ये तू घास."

"काही करायला सांगतो?"

"न्हाई."

"सांगितलं तर ऐकाल?"

"नवऱ्याचं ऐकत न्हाई मी, त्याचं काय ऐकू?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो खरा होता. "हळद शिजवताना आवाज होता का?"

"न्हाई," मी म्हटलं. "तवा कुणी नव्हतं. ती चूक माझी एकटीची हाय."

बाई फाईलमध्ये बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली, मुलाच्या नाही. गोळी तीच होती, तेवढीच. मुलाला म्हणाल्या, "झोप उडाली, जेवण तुटलं, घाबरायला लागल्या, तर लगेच घेऊन या. हळदीसाठी नको."

परत येताना औंढ्याच्या अलीकडे एका हॉटेलावर मुलानं गाडी थांबवली. चहा घेतला. त्याचा चहा तसाच राहिला.

"माय, आवाज येतो म्हून मला काहून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "मला भेव वाटतं. मी शाळेतून यायचो अन् घरात तू नसायची. सारं गाव तुला हुडकायचं. दप्तर घेऊन मी बी हिंडायचो."

त्याची शाळा मला आठवत नाही असं मी वर लिहिलं, ते तेव्हा माझ्या काळजाला असं लागलं की मी त्या हॉटेलात, लोकांसमोर, डोळ्याला पदर लावला. चाळिशीचा बाप्या माझ्यासमोर बसला होता आणि अजून दप्तर घेऊन हिंडत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "तुला लई तकलीफ झाली, लेकरा. ते मी पुसू शकत न्हाई." आणि मग जे म्हणायचं होतं तेही म्हटलं, कारण तेव्हा म्हटलं नसतं तर कधीच म्हणता आलं नसतं. "पण तुझं भेव जावं म्हून मी झोपून राहायची न्हाई. तुझ्या भेवाची गोळी मी किती दिस खायची?"

चहावर साय धरली होती, ती त्यानं बोटानं काढून टाकली आणि गार चहा पिऊन टाकला.

जास्त शिजलेली हळद वाळवली, पण साल घासून काढायच्या पॉलिशच्या ढोलात तिचा चुरा झाला. ती विकायला गेली नाही. घरी दळली. वर्षभर आमच्या वरणात तीच आहे, आणि डबाभर जाऊबाईही घेऊन गेल्या. रंग जरा काळसर आहे, एवढंच.

चार दिवसांनी उरलेली हळद काढून झाली आणि कुकर परत आला. सकाळी मालक मला म्हणाले, "तू घरीच थांब आज." मी चप्पल घातली. खळ्यावर गेले आणि बॉयलरच्या अलीकडे, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. कुकरवाल्यांनी "या अम्मा" म्हटलं. मी त्यांना म्हटलं, वाफ चालू असताना झाकणाची एक पट्टी सैल करता येते का. ते म्हणाले, येते, जरा वाफ जाईल. एक पट्टी सैल केली. फटीतून वास यायला लागला. हिरवट, मग उग्र. मी एक बारीक काडी घेऊन ठेवली होती, फटीजवळचा कंद टोचून बघायला. एकट्या नाकावर आता मी विसंबणार नव्हते. चुकलेलं माणूस शिकतंच, त्याला शिकू दिलं तर.

उग्रपणा बसला. काडी गेली, पण किंचित अडखळून गेली, म्हणजे चिखल झालेला नव्हता. मालक माझ्याकडं बघत होते. मुलगा मोबाईलमध्ये वेळ बघत होता, त्याच्या हिशेबानं अजून पाच मिनिटं होती. कुकरवाले दोघांकडं बघून मग माझ्याकडं बघू लागले.

"काढा," मी म्हटलं.

मुलगा पुढं आला. हलक्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं त्यानं विचारलं, "माय, पक्कं सांगून राहिली का तू?"

"न्हाई," मी म्हटलं. "तुला पक्कं म्हाईत हाय का?"

त्यानं मोबाईलकडं बघितलं, ड्रमकडं बघितलं. बापाकडं बघितलं, तर ते खाली बघत होते.

"न्हाई," तो म्हणाला.

मग त्यानंच पुढं होऊन झाकणाच्या पट्ट्या सोडायला घेतल्या.